आधी व्याकरण, मग बेओवुल्फ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये या शिक्षिका आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतात. बहुतेक मुलं आसपासच्या गावांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून पाचवीला इथे येतात. बाईंचं एम.ए. इंग्रजी साहित्यात झालंय. बेओवुल्फ हे जुन्या इंग्रजीतलं वीरकाव्य, चौदाव्या शतकातला कवी चॉसर, जुनी बॅलड्स म्हणजे गोष्ट सांगणारी लोकगीतं, हा त्यांचा जिवाभावाचा विषय. गेल्या वर्षी त्यांनी नववीला बेओवुल्फची गोष्ट सांगायला घेतली. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, ‘पोरांना पाच ओळींचा अर्ज धड लिहिता येत नाही आणि तुम्ही हजार वर्षांपूर्वीचं काय काढून बसलात?’ पालक-शिक्षक संघाच्या (पीटीए) बैठकीत पालकांचंही तेच: ‘आधी बोलायला शिकवा.’ वर्गात त्या मराठीचा आधार घेतात, त्यावर सहकारी नाक मुरडतात. त्या विचारतात: साहित्य बाजूला ठेवून नुसतं व्याकरण आणि पत्रलेखन घ्यावं का? की पणजी-पर्वरीकडच्या एखाद्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेत अर्ज करावा, जिथे अशी कच्ची मुलं नसतील आणि माझं शिक्षण वाया जाणार नाही?

नमस्कार टीचर,

सुरुवातीला मी तुमच्या हेडमास्तरांची बाजू घेते. ज्या मुलाच्या घरात इंग्रजी वाचणारं कुणीच नाही, त्याच्यासाठी दहावीचा इंग्रजीचा पेपर ही फार मोठी गोष्ट असते. शहरातल्या मुलाचे गुण घसरले तर त्याला शिकवणी लागते, मावशी शिकवते, कुणीतरी सावरून घेतं. तुमच्या वर्गातल्या मुलाला तुम्हीच आहात. त्यामुळे अर्ज, रिपोर्ट, अनसीन पॅसेज यांना लागणारा वेळ त्याला मिळालाच पाहिजे. तुमच्या साहित्यप्रेमाची किंमत त्याने मोजायची नाही. इथपर्यंत सर बरोबर आहेत आणि तुम्ही त्यांना तसं सांगावं असं मला वाटतं.

पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि तुमच्या पत्रातही तीच आहे. आधी भाषा, नंतर साहित्य. भाषा म्हणजे कष्ट आणि साहित्य म्हणजे ते कष्ट संपल्यावरचं बक्षीस. याच मुलांकडे बघा. त्यांना मराठी कशी आली? कर्ता, कर्म, क्रियापद शिकून नव्हे. देवळातल्या भजनात टाळ धरून बसता बसता आली, जत्रेच्या नाटकाची तालीम बघून आली, रणमाले या लोकनाट्यातली रामायणाची गाणी ऐकून आली. तुमच्या वर्गात दोन-चार मुलं तरी अशी असतील ज्यांनी गावच्या उत्सवी नाटकात पानंच्या पानं संवाद पाठ केलेत. त्यातले निम्मे शब्द त्यांना सुरुवातीला कळलेही नसतील. कान आधी भरला, अर्थ मागाहून आला.

इंग्रजीचं जुनं साहित्य नेमकं असंच आहे. ते छापील पुस्तकासाठी केलेलंच नाही. बेओवुल्फच्या 3182 ओळी ज्या हस्तलिखितात टिकल्या ते साधारण इसवी सन 1000 च्या आसपासचं. तशी प्रत जगात एकच, तीही 1731 च्या आगीत कडांनी करपलेली. पण तो काव्यप्रकार त्याच्याही आधीपासून लोक दिवाणखान्यात बसून ऐकत होते. ओळीचे दोन तुकडे, मध्ये विसावा आणि दोन्ही तुकड्यांना बांधणारा सारखा आरंभीचा आवाज. ऐकणाऱ्याला लक्षात राहावं म्हणून केलेली रचना. म्हणजे ‘जुनं’ म्हणून ते अवघड आहे, हे खरं नाही. मूळ जुनी इंग्रजी भाषा अवघड आहे, आणि ती शिकवायची नाहीच. तिची चव एखाद्या ओळीपुरती द्यायची आणि बाकी सगळं साध्या आजच्या इंग्रजीत.

मुलं ‘कच्ची’ आहेत, हे दुसरं गृहीतक. चौथीपर्यंत या मुलांनी गणित, परिसर, गोष्टी सगळं मराठीतून केलं. मग एका जूनमध्ये गणितही इंग्रजीत, विज्ञानही इंग्रजीत, इतिहासही इंग्रजीत. दहा वर्षांच्या पोराने हे पेललं आणि नववीपर्यंत आलं. त्याला वाक्य जुळवता येत नसेल, पण ते मूल गोष्ट ऐकण्यात, पाठ करण्यात, कोडं सोडवण्यात कच्चं नाही. त्याची ताकद जिथे आहे तिथून तुम्ही शिरा, एवढंच मी म्हणतेय.

कोड्यांपासून सुरुवात करा. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथीड्रलच्या ग्रंथालयात दहाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, एक्सेटर बुक नावाचं. त्यात नव्वदहून जास्त कोडी आहेत आणि हस्तलिखितात उत्तरं दिलेली नाहीत. अभ्यासक अजून काही कोड्यांवर वाद घालतात. हे वर्गात नुसतं सांगितलं तरी पोरं सरसावून बसतील. त्यातलं एक कोडं एका ओळीचं आहे: ‘वुन्दोर वेआर्थ ऑन वेये, वॅतेर वेआर्थ तो बाने.’ वाटेवर नवल झालं, पाण्याचं हाड झालं. ही ओळ फळ्यावर देवनागरीत लिहा, टाळी वाजवत सगळ्यांकडून म्हणवून घ्या. ‘व’चा ठोका त्यांना आपोआप ऐकू येईल, ‘वॅतेर’ म्हणजे वॉटर हे कुणीतरी ओरडेलच. बर्फ, हे उत्तर मात्र तुम्ही देऊ नका. दुसऱ्या एका कोड्यात एक किडा शब्द खातो, थोरामोठ्यांची वाणी गिळतो आणि तरी काडीचाही शहाणा होत नाही. पुस्तकातली कसर. वाळवीने दप्तर खाल्लेल्या मुलांना याचं भाषांतर करून द्यावं लागणार नाही. तिसऱ्यात कुणीतरी लाटेशी आणि वाऱ्याशी झुंजतो आणि स्थिर राहिला तरच जिंकतो. तो नांगर.

मग मुलांना त्यांची कोडी इंग्रजीत रचायला लावा. आय ॲम, आय हॅव, आय कॅन, व्हॉट ॲम आय. सिंपल प्रेझेंटचा इतका भरपूर आणि मनापासून केलेला सराव मी वर्कबुकात कधी बघितलेला नाही. नारळ, कोयता, विळी, म्हादईचं पुराचं पाणी, काजूची बोंडं, खाणीचा उभा ट्रक. वाक्य चुकलं तर कोडं फसतं आणि वर्ग ओरडतो, म्हणून मूल ते स्वतःहून दुरुस्त करतं. वहीत लाल पेनाने केलेल्या दुरुस्तीकडे ते ढुंकूनही बघत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पालक म्हणतात ‘बोलायला शिकवा’. त्यासाठी बॅलड्स आहेत. लॉर्ड रँडलचं गाणं तुम्ही अर्थातच वाचलेलं आहे. आई विचारते, कुठे होतास? मुलगा सांगतो, रानात. कोण भेटलं? काय जेवलास? तुझे कुत्रे कुठे गेले? प्रत्येक उत्तराच्या शेवटी तेच पालुपद: आई, अंथरूण घाल, जिवाला बरं नाही. प्रश्नांमागून प्रश्न येतात आणि हळूहळू कळतं की पोराला विष घातलंय. धालोत बायका समोरासमोर दोन ओळी करून गातात, तसा वर्ग उभा करा. एक ओळ आई, दुसरी मुलगा. व्हेअर हॅव यू बीन, हूम डिड यू मीट, व्हॉट डिड यू ईट. एका तासात प्रश्नार्थक वाक्यरचना इतक्या वेळा जिभेवरून जाते की ती बसते. आणि जे मूल एकट्याने उभं राहून कधी तोंड उघडत नाही ते ओळीत उभं राहून गातं. दुसऱ्या दिवशी हेच संवाद इनडायरेक्ट स्पीचमध्ये लिहायला द्या. परीक्षेला येतंच ते. स्कॉट भाषेतले शब्द बदलून घ्या, आणि विषयाचं सावट जड वाटत असेल तर आठवीला हे गाणं नको, नववी-दहावीला चालेल. नुकतंच घरात कुणी गेलेलं मूल वर्गात असेल तर दुसरं गाणं निवडा.

बेओवुल्फचा सगळा पसारा नका घेऊ. ग्रेंडेलची रात्र पुरेशी आहे. डेन्मार्कच्या राजाचा मोठा वाडा, बारा वर्षं रात्री येऊन माणसं नेणारा राक्षस, समुद्रापलीकडून आलेला वीर जो म्हणतो, त्याच्याकडे शस्त्र नाही तर मीही शस्त्र धरणार नाही. गॅदरिंगसाठी याचा दहा मिनिटांचा प्रवेश बसवा. दशावतारातला संकासूर राक्षस कसा रंगमंचावर येतो हे ज्या पोरांनी पाहिलंय, त्यांना ग्रेंडेलची एन्ट्री शिकवावी लागत नाही. त्याच प्रसंगावर ‘वर्तमानपत्रासाठी वृत्तांत लिहा’ असं दिलं की रिपोर्टचा सराव झाला. सरांना हा वृत्तांत दाखवा.

चॉसरबद्दल जरा जपून. त्याच्या काही गोष्टी शाळेत सांगता येण्यासारख्या नाहीत. पण मूळ कल्पना किती आपली आहे बघा: लंडनजवळच्या सदर्कमधून कँटरबरीला निघालेले तीसेक यात्रेकरू, जाताना-येताना गोष्टी सांगायचं ठरवतात. साखळीहून पंढरपूरला पायी निघणारी दिंडी पाहिलेल्या मुलांना ही मांडणी लगेच कळेल. त्यातली पार्डनरची गोष्ट घ्या. तिघे मित्र मृत्यूला मारायला निघतात, झाडाखाली सोन्याची रास सापडते आणि सोन्यापायी एकमेकांचा जीव घेतात. याच घाटाची फार जुनी गोष्ट आपल्याकडे पाली भाषेतल्या वेदब्भ जातकात आहे. गोष्ट इथून तिकडे गेली असावी, हे मुलांना जरूर सांगा. आणि लिहायला काय द्यायचं? शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला निघालेली कदंब बस. प्रत्येकाने एक प्रवासी इंग्रजीत पाच-सहा वाक्यांत उभा करायचा, त्याचे कपडे, त्याची पिशवी, त्याचं बोलणं. चॉसरने ‘जनरल प्रोलॉग’मध्ये हेच केलंय. मुलांना विशेषणं कुठे लागतात ते इथे कळतं.

मुलं तुम्हाला हेही विचारत असतील की नाइट (म्हणजे सरदार) या शब्दात ‘के’ कशाला, जी-एच कशाला. ‘इंग्रजी असंच असतं’ म्हणून पुढे जाऊ नका. चॉसरच्या काळी ती अक्षरं उच्चारली जायची. 1476 मध्ये कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, स्पेलिंगं हळूहळू बांधली गेली आणि बोलणं मात्र बदलत राहिलं. 1066 मध्ये नॉर्मन आले, पुढची काही शतकं दरबारात फ्रेंच चालली, म्हणून कोर्ट, जज, प्रिझन हे शब्द तिथून आले. गोव्यातल्या मुलाला हे समजायला कितीसा वेळ लागणार? त्याच्या घरात जनेल आहे, चावी आहे, पगार आहे, इस्त्री आहे. तुमचा तालुका नव्या काबिजादीतला, तिथे पोर्तुगीज उशिरा पोचले, तरी हे शब्द पोचलेच. एकदा मुलाला कळलं की इंग्रजीसुद्धा कधीकाळी दुसऱ्याच्या राज्यात दबून राहिलेली, उसनवारी करून वाढलेली भाषा आहे, की तिची भीती बरीच कमी होते. आपल्या मुलांना इंग्रजी नेहमी सिंहासनावर बसलेलीच दिसते. तिचा जुना काळ शिकवण्याचं माझ्या मते हे सगळ्यांत मोठं कारण आहे.

आता एक माणूस तुमच्या वर्गात यायलाच हवा, तो म्हणजे थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट पाद्री 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. लिस्बनहून निघून सहा महिन्यांहून जास्त दिवस समुद्रावर काढले होते. त्या प्रवासाचं वर्णन करणारं पत्र त्याने गोव्यातून वडिलांना लिहिलं आणि पुढे हॅकल्यूटने ते आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं. म्हणजे शेक्सपिअर अजून शाळकरी वयाचा असताना, त्याच्याच काळच्या इंग्रजीत, आपल्या गोव्यात बसून लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. पत्रलेखन शिकवताना यातला एखादा तुकडा सोपा करून घ्या. मग ‘परगावाहून वडिलांना पत्र’ या घासून गुळगुळीत झालेल्या प्रश्नात जीव येईल.

पुढे या माणसाने इथली भाषा शिकून मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. जवळपास अकरा हजार ओव्या. 1616 मध्ये ते राशोल इथे छापलं गेलं, शेक्सपिअर गेला त्याच वर्षी. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने लोकांच्या कानात आधीच असलेल्या ओवीत सांगितलं. तुमच्या पेशाच्या दृष्टीने मला यातला हा भाग मोलाचा वाटतो. त्या काळाचा धर्मांतराचा इतिहास आपल्याकडे वेदनेचा आहे, देवळं पाडली गेली, पुराणं-कीर्तनं बंद झाली. स्टीफन्सचं नाव घेताना ते झाकू नका, आणि त्यामुळे नाव टाळूही नका. नववीच्या मुलांना दोन्ही गोष्टी एकत्र ऐकता येतात. त्यांना मूर्ख समजून वाचवायला गेलं की ती आपल्यावरचा विश्वास गमावतात.

वर्गात मराठी वापरल्याबद्दल तुम्ही इतक्या अपराधी का होता, हे मला कळलेलं नाही. मात्र मराठी कुठे वापरता हे तपासा. ओळ वाचायची, तिचं मराठी सांगायचं, पुढची ओळ वाचायची, ही पद्धत असेल तर सोडून द्या. त्यात मूल इंग्रजी ऐकतच नाही, मराठीची वाट बघत बसतं. आणि शेवटी गाईडमधलं उत्तर उतरवतं, कारण स्वतःचं वाक्य करायची वेळच आलेली नसते. त्याऐवजी सुरुवातीला दोन-तीन मिनिटं मराठीत पार्श्वभूमी सांगा, मग गोष्ट पूर्ण इंग्रजीत, हातवारे करत, सावकाश, दोनदा. शेवटी विचारा, काय झालं? उत्तर मराठीत आलं तर घ्या, आणि तेच उत्तर फळ्यावर सगळ्यांनी मिळून इंग्रजीत करा. घरी काही मुलं कोकणी बोलत असतील, त्यांनी कोकणीत सांगितलं तरी चालेल. मुद्दा गोष्ट समजल्याचा आहे. सहकाऱ्यांना वाद घालून पटवायला जाऊ नका, त्यांना एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसायला बोलवा.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. कालखंडांच्या नोट्स डिक्टेट करणं नको, ‘ओल्ड इंग्लिशची वैशिष्ट्ये’ नको, या साहित्यावर परीक्षा नको. आठवड्यातला एक तास ठरवा, त्याहून जास्त नको. पाठ्यपुस्तक त्यामुळे एक दिवसही मागे पडता कामा नये. हेडमास्तरांकडे जाताना साहित्याचं महत्त्व सांगू नका, ते त्यांना माहीत असेल. त्यांना कागदावर दाखवा की कोड्यांतून कोणता काळ, बॅलडमधून कोणता व्याकरणाचा भाग, ग्रेंडेलमधून कोणता लेखनप्रकार. फर्स्ट टर्मपर्यंतची परवानगी मागा आणि त्या आधीच्या नि नंतरच्या युनिट टेस्टच्या वह्या जपून ठेवा. फरक दिसला नाही तर पद्धत बदलायची तयारीही ठेवा. पीटीएच्या बैठकीत भाषण नको, चार मुलांना लॉर्ड रँडल म्हणू द्या.

राहिली ती बदलीची गोष्ट. पगार, प्रवास, म्हातारे आईवडील, अशा कारणांसाठी शाळा बदलायची असेल तर खुशाल बदला, त्यात गैर काही नाही. पण पर्वरीच्या मुलांना बेओवुल्फ आपोआप कळेल, या भरवशावर जाऊ नका. त्यांचं इंग्रजी अस्खलित असेल, पण एक तास शांत बसून गोष्ट ऐकायची सवय त्यांना असेलच असं नाही. तिथेही हेडमास्तर असतील, निकाल असेल, पालक असतील.

आणि ‘माझं शिक्षण वाया जातंय’ हे दुखणं मला वेगळं वाटतं. तुम्हाला ज्यांच्याशी चॉसरबद्दल बोलता येईल अशी मोठी माणसं आसपास नाहीत. ती भूक चौदा वर्षांच्या मुलांनी भागवायची नसते, आणि कुठल्याच शाळेतली मुलं ती भागवू शकणार नाहीत. महिन्यातून एखाद्या शनिवारी पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. एम.ए.च्या वेळचे सोबती गोवाभर पसरलेले असतील, त्यांतल्या दोघा-तिघांना बोलवा आणि मिळून एक कथा वाचा, मूळ मध्ययुगीन इंग्रजीतून, मोठ्याने. वाळपईहून पणजी लांब पडते हे मला माहीत आहे. तरी जा. बदलीचा अर्ज लिहायचा की नाही ते एक शैक्षणिक वर्ष असं काढल्यावर ठरवा, आणि काय ठरलं ते मला जरूर कळवा.